एकाच वेळी एम.आर्क. आणि दुसरी पदवी : नियम काय सांगतो, अडचण कुठे येते?

आदिलाबाद : "दोन पदव्या आता एकदम करता येतात म्हणे, खरं का?" बी.आर्क.च्या शेवटच्या वर्षातली मुलं आणि त्यांचे पालक हमखास विचारतात असा हा प्रश्न. एम.आर्क. आणि नगर नियोजन, एम.आर्क. आणि एमबीए, एम.प्लॅन. आणि अर्थशास्त्राचं एम.ए. अशा जोड्या मनात असतात. उत्तर 'हो' आहे, पण आर्किटेक्चरच्या बाबतीत हे 'हो' फार अटींचं आहे. अटी न वाचता दोन्हीकडे फी भरली तर पैसाही जातो आणि वर्षही जातं.

हिशेब सरळ आहे. इंटर १८ व्या वर्षी झालं, तर पाच वर्षांचं बी.आर्क. २३ व्या वर्षी संपतं. पुढे दोन वर्षांचं एम.आर्क. म्हणजे २५. त्यानंतर दोन वर्षांचं एम.प्लॅन. केलं तर २७. शेती किंवा छोट्या दुकानावर चालणाऱ्या घराला ही चार वर्षं जड जातात. म्हणून 'दोन्ही एकदम' ही कल्पना मोहात पाडते. ती कुठे जमते आणि कुठे फसते, ते पाहू.

यूजीसीचा नियम काय आहे?

विद्यापीठ अनुदान आयोगाने, म्हणजे यूजीसीने, एप्रिल २०२२ मध्ये एकाच वेळी दोन अभ्यासक्रम करण्याची मुभा दिली. त्यात तीन प्रकार आहेत :

१. दोन्ही अभ्यासक्रम वर्गात बसून, पूर्णवेळ. अट एकच, दोन्हींचे तास एकमेकांवर येता कामा नयेत.

२. एक पूर्णवेळ वर्गात आणि दुसरा दूरस्थ किंवा ऑनलाइन.

३. दोन्ही दूरस्थ किंवा ऑनलाइन.

दूरस्थ किंवा ऑनलाइन अभ्यासक्रम मान्यताप्राप्त संस्थेचाच हवा. पीएच.डी.ला ही सवलत नाही. २०२२ च्या आधी एकदम केलेल्या पदव्यांना सुरुवातीला या नियमाचा फायदा नव्हता; २०२५ मध्ये यूजीसीने तो भाग बदलला आणि त्या वेळच्या नियमांत बसणाऱ्या जुन्या पदव्याही ग्राह्य धरल्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं वाक्य. ज्या क्षेत्राला स्वतःची वैधानिक परिषद आहे, तिथे त्या परिषदेचे नियमही लागू राहतात. आर्किटेक्चरला अशी परिषद आहे, आणि गाडी इथेच अडते.

आर्किटेक्चरचा मालक कोण?

आर्किटेक्ट्स ॲक्ट, १९७२ या कायद्याने कौन्सिल ऑफ आर्किटेक्चर, म्हणजे सीओए, ही परिषद उभी राहिली. पुढे आर्किटेक्चर कॉलेजांवर एआयसीटीईचे निकष चालणार की सीओएचे, असा वाद अनेक वर्षं चालला. तो मिटला कोल्हापूरच्या एका कॉलेजच्या खटल्यात. प्रिन्स शिवाजी मराठा बोर्डिंग हाऊसच्या आर्किटेक्चर कॉलेजच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१९ मध्ये निकाल दिला, की आर्किटेक्चरच्या शिक्षणाच्या निकषांत सीओएचाच शब्द वरचा.

याचा विद्यार्थ्याला अर्थ काय? बी.आर्क. आणि एम.आर्क. घेताना कॉलेज सीओएच्या यादीत आहे का, ते आधी बघायचं. 'आर्किटेक्ट' ही उपाधी लावायची तर सीओएची नोंदणी लागते, आणि तिचा पाया बी.आर्क. आहे. सिव्हिल इंजिनिअरने नंतर एम.प्लॅन. केलं म्हणून तो आर्किटेक्ट होत नाही.

नियोजनाचं तसं नाही. एम.प्लॅन. सीओएच्या कायद्यात येत नाही. तिथे एआयसीटीईची मान्यता आणि इन्स्टिट्यूट ऑफ टाउन प्लॅनर्स, इंडिया या संस्थेची मान्यता बघितली जाते. म्हणजे शेजारच्या दोन विषयांची दारं वेगवेगळी आहेत, आणि दोन्ही दारांवरची पाटी वाचूनच आत जायचं.

कोणती जोडी जमते?

*एम.आर्क. आणि एम.प्लॅन., दोन्ही वर्गात बसून :* कागदावर चालतं, प्रत्यक्षात जवळपास अशक्य. दोन्हीकडे स्टुडिओ असतो. स्टुडिओ म्हणजे तासाभराचं लेक्चर नाही. अर्धा-अर्धा दिवस ड्रॉइंग, मॉडेल, साइटची पाहणी, मग ज्युरी. 'तास एकमेकांवर येऊ नयेत' ही अट इथेच मोडते. त्यात हजेरीची अट, आणि शेवटच्या सत्रात दोन थिसिस.

*एम.आर्क. वर्गात, दुसरी पदवी दूरस्थ :* ही खरी चालणारी जोडी. दूरस्थ बाजूला अर्थशास्त्र, समाजशास्त्र, लोकप्रशासन यांचं एम.ए. किंवा एमबीए ठेवता येतं. नियोजनात जायचं असेल तर अर्थशास्त्र आणि समाजशास्त्र उपयोगी पडतात. स्वतःचं ऑफिस काढायचं असेल तर एमबीए. अडचण परीक्षांची. इग्नूच्या सत्रान्त परीक्षा जून आणि डिसेंबरच्या सुमारास येतात, आणि आर्किटेक्चरची सत्र परीक्षा आणि ज्युरीही त्याच्या आसपासच येऊ शकतात. दोन्ही वेळापत्रकं शेजारी ठेवून बघा.

*एम.आर्क. दूरस्थ :* हे होत नाही. यूजीसीच्या २०२० च्या नियमांत दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने देता येणार नाहीत अशा विषयांची यादी आहे, त्यात आर्किटेक्चर आहे. कुणी 'घरबसल्या एम.आर्क.' विकत असेल तर फी भरू नका. त्या कागदावर पुढे काही उभं राहत नाही.

*दोन्ही दूरस्थ :* वरच्याच कारणाने यात आर्किटेक्चर बसत नाही.

थोडक्यात, तीन दरवाजांपैकी आर्किटेक्चरवाल्यासाठी खऱ्या अर्थाने एकच उघडा आहे : एक वर्गात, दुसरा दूरस्थ. आणि वर्गात बसायचा विषय स्टुडिओचाच असणार.

सीमेवरच्या मुलांनी काय बघायचं?

आदिलाबादहून राष्ट्रीय महामार्ग ४४ ने नागपूर सुमारे २०० किलोमीटर, हैदराबाद सुमारे ३०० किलोमीटर. भाषेने नागपूर जवळचं, कागदपत्रांनी हैदराबाद जवळचं.

हैदराबादला जवाहरलाल नेहरू आर्किटेक्चर अँड फाइन आर्ट्स युनिव्हर्सिटी आहे. तेलंगणाच्या पीजीईसेट परीक्षेत आर्किटेक्चर आणि प्लॅनिंगचा पेपर असतो. तिथे तुम्ही स्थानिक उमेदवार म्हणून अर्ज करता.

नागपूरला व्हीएनआयटीत आर्किटेक्चर आणि प्लॅनिंगचा विभाग आहे. एनआयटीत इंटरनंतरच्या प्रवेशाला 'होम स्टेट' कोटा असतो, त्यात आदिलाबादचं मूल महाराष्ट्रात बसत नाही. पण पदव्युत्तर प्रवेशाला हा कोटा नाही. तिथे गेटचा स्कोअर आणि सीसीएमटीचं केंद्रीय समुपदेशन चालतं. म्हणजे पदव्युत्तरला पेनगंगेच्या अलीकडचा आणि पलीकडचा विद्यार्थी एकाच रांगेत. भोपाळ आणि विजयवाड्याच्या स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर या केंद्रीय संस्थाही सगळ्या राज्यांना खुल्या. भोपाळला एम.आर्क.मध्ये वारसा जतन, लँडस्केप आणि अर्बन डिझाइन, तर एम.प्लॅन.मध्ये पर्यावरण आणि नगर-प्रादेशिक नियोजन शिकवतात. जैनदचं जुनं मंदिर ज्यांनी लहानपणापासून पाहिलंय, त्यांनी जतनाच्या विषयाचा विचार जरूर करावा.

महाराष्ट्राच्या राज्य कोट्याबद्दल एक गैरसमज आहे. 'सीमाभागातल्या मराठी मुलांना तिकडे वेगळी जागा असते' असं आपल्याकडे सर्रास बोललं जातं. ती सोय महाराष्ट्र-कर्नाटक वादातल्या ८६५ गावांसाठी आहे. आदिलाबाद त्यात नाही. मराठी बोलतो म्हणून इथे सवलत मिळत नाही.

जातीच्या दाखल्याचंही तसंच. लंबाडा समाज तेलंगणात अनुसूचित जमातीत आहे, महाराष्ट्रात विमुक्त जातींत. मीसेवाचा दाखला केंद्रीय संस्थेत चालतो, महाराष्ट्राच्या राज्य कोट्यात त्याचा आधार मिळत नाही.

दूरस्थ पदवीसाठीही राज्याची रेघ आडवी येते. राज्याच्या मुक्त विद्यापीठाला दूरस्थ अभ्यासक्रम आपल्या राज्यापुरतेच चालवता येतात. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठात मराठीत शिकायची इच्छा कितीही असली, तरी आदिलाबादला राहणाऱ्याने इग्नू किंवा हैदराबादचं डॉ. बी. आर. आंबेडकर मुक्त विद्यापीठ बघावं. किनवट, पांढरकवड्याच्या मुलांना मात्र नाशिकचा रस्ता मोकळा आहे. ऑनलाइन अभ्यासक्रमांना ही राज्याची मर्यादा नसते.

पैशाचं गणित

इथे बहुतेकांची गल्लत होते. दोन अभ्यासक्रमांना परवानगी आहे, म्हणून दोन शिष्यवृत्त्या मिळतील असं नाही. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती घेणाऱ्याला त्यासोबत दुसरी शिष्यवृत्ती घेता येत नाही. आणखी एक कलम लक्षात ठेवा. अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर योजनेत एका पातळीचं शिक्षण पूर्ण करून त्याच पातळीवर दुसरा विषय घेतला, तर शिष्यवृत्ती मिळत नाही. म्हणजे एम.ए. झाल्यावर दुसरं एम.ए. केलं तर ते स्वतःच्या खिशातून.

याचा आपल्या विषयाशी थेट संबंध आहे. घाईघाईत दूरस्थ एम.ए. आधी पूर्ण केलं आणि मग एम.आर्क.ला अर्ज केला, तर मोठ्या फीच्या अभ्यासक्रमाची शिष्यवृत्ती अडचणीत येऊ शकते. म्हणून ज्याची फी जास्त, ती पदवी आधी किंवा निदान सोबत. स्वस्त दूरस्थ पदवी आधी उरकायची घाई नको. ईपासचा अर्ज भरण्याआधी जिल्हा कल्याण कार्यालयात हे विचारून घ्या.

एनआयटीसारख्या केंद्रीय संस्थांत गेट उत्तीर्ण पूर्णवेळ विद्यार्थ्याला दरमहा १२,४०० रुपयांची साहाय्यवृत्ती मिळत आली आहे. ती हजेरी आणि कामाच्या अटीवर असते. दुसऱ्या पदवीपायी हजेरी घसरली तर पहिला फटका तिलाच.

परदेशात कसं करतात?

अमेरिकेत बर्कलीचं कॅलिफोर्निया विद्यापीठ, एमआयटी अशा ठिकाणी आर्किटेक्चर आणि नगर नियोजन यांची जोडपदवी रीतसर असते. तिथे दोन्ही विभाग मिळून आराखडा बनवतात, काही विषयांचे क्रेडिट दोन्हीकडे धरतात, त्यामुळे एकूण काळ कमी होतो. आपल्याकडच्या मुभेत ही सोय आपोआप येत नाही. इथे विद्यार्थी दोन वेगळ्या संस्थांत दोन पूर्ण ओझी उचलतो. हा फरक ओळखला की 'वेळ वाचतो' हा भ्रम जातो.

दोन पदव्या हव्यातच का?

ख्रिस्तोफर बेनिंजर यांनी हार्वर्डला आर्किटेक्चर आणि एमआयटीला नगर नियोजन शिकून भारत गाठला, अहमदाबादेत नियोजनाची शाळा उभारायला हातभार लावला आणि १९७६ मध्ये पुण्यात विकास अभ्यासाचं केंद्र काढलं. दोन विद्या एका माणसात आल्या की काय होतं, याचं हे उदाहरण.

दुसरं उदाहरण नवी मुंबईचं. १९६० च्या दशकात खाडीपलीकडच्या नव्या शहराची कल्पना मांडली ती चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी. कोरिया आणि मेहता आर्किटेक्ट, पटेल सिव्हिल इंजिनिअर. एकाने सगळ्या पदव्या घेतल्या नव्हत्या, वेगवेगळ्या विद्येची माणसं एकत्र बसली. १९७० मध्ये त्यासाठी सिडको स्थापन झालं.

दोन्ही मार्ग खरे आहेत. स्वतःला विचारायचा प्रश्न एवढाच : मला दुसरी पदवी कशासाठी हवी? नोकरीच्या जाहिरातीत ती मागितली असेल तर घ्या. फक्त नावापुढे अक्षरं वाढवायची असतील, तर तीच दोन वर्षं चांगल्या ऑफिसात काम करून जास्त शिकता येईल.

फी भरण्याआधी ही यादी तपासा

- एम.आर्क. कॉलेज सीओएच्या, दूरस्थ अभ्यासक्रम यूजीसीच्या चालू वर्षाच्या यादीत आहे का?
- दोन्ही संस्थांना लेखी विचारलं का? तोंडी 'चालतं' धरू नका.
- मूळ टीसी आणि मायग्रेशन एकाच ठिकाणी जमा होतं. दुसरी संस्था झेरॉक्स आणि बोनाफाइडवर प्रवेश देते का?
- दोन्ही परीक्षांच्या तारखा आणि परीक्षा केंद्र जमतं का?
- शिष्यवृत्ती कोणत्या पदवीवर घ्यायची, ते ठरलं का?

पाचही उत्तरं 'हो' असतील तर बिनधास्त पुढे जा. एकही अडलं, तर आधी एक पदवी नीट पूर्ण करा. दुसरी पदवी पुढच्या वर्षीही मिळते. गेलेली शिष्यवृत्ती परत मिळेलच असं नाही.