कामगाराचे म्हातारपण आणि स्वस्त आरोग्यविमा : संगमेश्वरच्या वाडीतून एक मूल्यमापन

जमीन, शिक्षण, राखीव जागा, अत्याचार या प्रश्नांवर आपण लिहितो, परिषदा भरवतो, मोर्चे काढतो. म्हातारपणी येणारा आजार मात्र आपण प्रत्येक घराची खासगी बाब मानली आहे. बाप आजारी पडला की मुलाने कर्ज काढावे, बहिणीने पाटल्या मोडाव्यात, आणि तेही जमले नाही तर 'वय झाले होते' म्हणून गप्प बसावे. या गप्प बसण्याच्या जागेत आता विम्याचा एजंट आला आहे. संगमेश्वर तालुक्यातील आमच्या बौद्धवाडीतही तो येऊन गेला. 'रोजच्या एका चहाच्या पैशात वडिलांचे म्हातारपण सुरक्षित', असे तो सांगत होता. हा चहा खरोखर किती स्वस्त आहे, हे तपासण्यासाठी हा लेख लिहीत आहे. तपासणीसाठी इतिहासात मागे जाणे भाग आहे. कारण विमा ही हिशेबाची बाब असली तरी त्या हिशेबात कोणाला धरायचे आणि कोणाला वगळायचे, हे समाजव्यवस्था ठरवीत असते.

कोकणातील माणूस मुंबईला गेला तो पोटासाठी. वरकस जमीन, खोताचा जाच आणि अस्पृश्यतेचा कलंक या तिन्हींतून सुटण्याची एकच वाट होती, ती म्हणजे बंदर आणि गिरणी. पण गिरणीतही जात दाराशीच उभी होती. विणकाम खात्यात धोट्यातील दोरा तोंडाने ओढून घ्यावा लागे. अस्पृश्याच्या तोंडचा धोटा सवर्ण विणकऱ्याने कसा धरावा, या सबबीखाली आपल्या माणसांना त्या खात्यात प्रवेश नव्हता. मजुरी अधिक होती ती मात्र त्याच खात्यात. १९२८ च्या गिरणी संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न मांडला, तो केवळ प्रतिष्ठेचा नव्हता. ज्याची मजुरी कमी, त्याची शिल्लक कमी. ज्याची शिल्लक कमी, त्याचे आजारपण अधिक महाग. जातीने ठरविलेले खाते माणसाचे म्हातारपणही ठरवीत होते.

त्या काळी आपल्या माणसांचा विमा होता तो गावाच्या मंडळाचा. एका खोलीत गावचे पंधरा-वीस गडी राहत. दर महिन्याला वर्गणी निघे. कोणी आजारी पडला तर त्या पैशातून औषध, कोणी गेला तर त्याच पैशातून अंत्यविधी आणि घरी निरोप. वर्गणी घेताना 'तुला दमा आहे का' असे कोणी विचारीत नसे. म्हाताऱ्याची वर्गणी तरुणापेक्षा जास्त नसे. विम्याचे मूळ तत्त्व आपल्या अडाणी म्हटल्या गेलेल्या बापजाद्यांना बरोबर कळले होते : सगळ्यांनी थोडे घालायचे आणि ज्याच्यावर वेळ येईल त्याने घ्यायचे. मंडळाची मर्यादा एकच होती. सगळेच गरीब असल्यामुळे गल्ला लहान होता.

हा गल्ला मोठा करायचा तर मालक आणि शासन यांना त्यात ओढले पाहिजे, हा विचार बाबासाहेबांच्या मजूरमंत्रिपदाच्या काळात आकाराला आला. याच जिल्ह्यातील आंबडवे हे ज्यांचे मूळ गाव, ते बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. मार्च १९४३ मध्ये प्रा. बी. पी. आडारकर यांच्याकडे औद्योगिक कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना तयार करण्याचे काम सोपविण्यात आले. ऑगस्ट १९४४ मध्ये त्यांचा अहवाल आला, १९४६ मध्ये विधेयक आले आणि १९४८ मध्ये कामगार राज्य विमा कायदा झाला. प्रत्यक्ष योजना १९५२ मध्ये कानपूर आणि दिल्ली येथे, तर १९५४ मध्ये मुंबईत सुरू झाली. तिचे सूत्र ध्यानात घेण्यासारखे आहे. वर्गणी मजुरीच्या प्रमाणात द्यायची, पण वैद्यकीय उपचार आजाराच्या गरजेप्रमाणे मिळवायचा. कमी पैसे भरले म्हणून कमी औषध, असा भेद त्यात नव्हता.

बाबासाहेब याच्याही पुढे गेले होते. १९४७ च्या 'राज्ये आणि अल्पसंख्याक' या निवेदनात त्यांनी विमा हा व्यवसाय शासनाच्याच मक्तेदारीत असावा आणि प्रत्येक प्रौढ नागरिकाला त्याच्या मजुरीच्या मानाने आयुर्विमा सक्तीचा असावा, अशी मागणी केली. सक्ती कशासाठी? निरोगी आणि सधन माणसे बाहेर राहिली तर आत फक्त आजारी आणि गरीब उरतात आणि तो विमा कोसळतो. सर्वांना आत आणल्याशिवाय दुबळ्याचे ओझे हलके होत नाही. आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण १९५६ मध्ये झाले, सर्वसाधारण विम्याचे १९७२ च्या कायद्याने. मालकी शासनाकडे आली. सर्वांना सामावून घेण्याचे तत्त्व मात्र आले नाही.

१९४८ च्या कायद्यातही भिंत होतीच. सुरुवातीला तो यंत्रशक्तीवर चालणाऱ्या आणि वीस किंवा अधिक कामगार असलेल्या बारमाही कारखान्यांपुरता होता. शेतमजूर, हमाल, घरकामाची बाई, गावात राहून भाताची लावणी करणारी कामगाराची म्हातारी आई, यांचा त्या हिशेबात पत्ता नव्हता. म्हणजे दलितांतील बहुसंख्य माणसे कायद्याच्या उंबऱ्याबाहेरच राहिली. जे आत होते त्यांचेही छप्पर पुढे उडाले. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतील सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. संप कधी मिटलाच नाही. हजारो माणसे पुन्हा कामावर गेली नाहीत. त्यांत माझे वडीलही होते. तेव्हा त्यांचे वय अठ्ठावीस होते. कामगार राज्य विम्यात आज अशी तरतूद आहे की, किमान पाच वर्षे विमा असलेला कामगार निवृत्त झाला तर महिना दहा रुपये, म्हणजे वर्षाला एकशे वीस रुपये भरून त्याला आणि त्याच्या जोडीदाराला उपचार मिळत राहतात. म्हाताऱ्यांसाठी याहून स्वस्त विमा या देशात शोधून सापडणार नाही. पण संपात ज्याची नोकरी गेली, तो नियमाच्या भाषेत 'निवृत्त' होत नाही. वडिलांनी पुढची वीस वर्षे हमाली केली आणि २००२ मध्ये ते गावी परतले. त्या वीस वर्षांची नोंद कोणत्याही कार्डावर नाही.

नेमक्या याच काळात विम्याची दुसरी परंपरा सुरू झाली. १९८६ मध्ये शासकीय विमा कंपन्यांनी मेडिक्लेम आणला. आता विमा कामगार या नात्याने नव्हे, तर ग्राहक या नात्याने मिळू लागला, आणि हप्ता मिळकतीवर नव्हे, तर वयावर ठरू लागला. गरिबांसाठी १९९६ मध्ये जन आरोग्य विमा आला. पंचेचाळीस वर्षांपर्यंत वर्षाला ७० रुपये हप्ता, पासष्टीच्या पुढे सत्तरीपर्यंत १४० रुपये. संरक्षण सर्वांना सारखेच, वर्षाला ५,००० रुपयांचे. आधीपासून असलेला आजार वगळलेला. वयाची पासष्टी ओलांडलेल्या कष्टकऱ्याला आधीचा आजार नाही, असे कधी घडते का? २००३ मध्ये सार्वत्रिक आरोग्य विमा योजना आली. एकट्या माणसाला दिवसाला एक रुपया, वर्षाला ३६५. संरक्षण ३०,००० रुपयांचे. नाव 'सार्वत्रिक', पण सुरुवातीला वयाची मर्यादा पासष्ट. हप्ता स्वस्त कसा झाला याचे उत्तर या तपशिलात आहे : ज्यांच्यावर खर्च होण्याचा संभव होता, त्यांनाच दाराबाहेर ठेवून. १९९९ च्या कायद्यानंतर खासगी कंपन्या आल्या आणि त्यांनी याच हिशेबाला धार लावली.

हे केवळ आपल्याकडेच घडले असे नाही. अमेरिकेत म्हाताऱ्यांना विमा देण्यास खासगी कंपन्या नाखूष होत्या, म्हणून १९६५ मध्ये तेथील शासनाने पासष्ट वर्षांवरील नागरिकांसाठी मेडिकेअर ही योजना केली. १९६६ मध्ये ती अमलात आली तेव्हा शासनाने अट घातली की, ज्या रुग्णालयाला हा पैसा हवा असेल त्याने काळ्या आणि गोऱ्या रुग्णांत भेद करता कामा नये. जे दक्षिणेतील रुग्णालयांनी माणुसकीच्या नावाने केले नव्हते, ते अनेकांनी पैशासाठी काही महिन्यांत केले. विमा हे सामाजिक समतेचे हत्यार होऊ शकते, याचा हा पुरावा आहे. पण पुढे त्याच योजनेच्या छत्राखाली खासगी कंपन्यांचे स्वस्त, कित्येकदा जादा हप्त्याशिवायचे विमे आले. आज तेथील निम्म्याहून अधिक लाभार्थी अशा खासगी विम्यात आहेत. त्या स्वस्ताईची किंमतही आपल्या ओळखीची आहे : ठरावीक डॉक्टर, ठरावीक रुग्णालये आणि अनेक उपचारांपूर्वी कंपनीची परवानगी.

आता आमच्या वाडीतील कागदाकडे येऊ. २०२२ मध्ये मी वडिलांसाठी एक स्वस्त पॉलिसी घेतली. मी महाविद्यालयात शिकवतो, घराण्यातला पहिला पदवीधर आहे. तरी ती चाळीस पानांची इंग्रजी पुस्तिका मी सही करण्यापूर्वी वाचली नाही. एजंटाने 'रक्तदाब' या रकान्यात 'नाही' लिहिले होते. पुढच्याच वर्षी वडिलांना दवाखान्यात ठेवावे लागले आणि माहिती लपविल्याच्या कारणावरून दावा फेटाळला गेला. नंतर पुस्तिका वाचली तेव्हा कळले की, दावा मंजूर झाला असता तरी फार काही हाती लागले नसते. एक लाखाचे संरक्षण, खोलीभाड्याला दिवसाला एक हजाराची मर्यादा आणि मान्य बिलातील वीस टक्के रुग्णाने भरायचे. समजा, बिल ८०,००० रुपयांचे झाले. त्यात औषधे व तत्सम वस्तू २०,००० च्या, बाकी ६०,००० खोली, डॉक्टर आणि शस्त्रक्रियेचे. खोली तीन हजारांची घेतली, तर मर्यादेच्या तिप्पट झाली. म्हणून ६०,००० पैकी एक-तृतीयांश, म्हणजे २०,००० च मान्य. औषधांसह मान्य रक्कम ४०,०००. त्यातून वीस टक्के वजा जाता कंपनी देणार ३२,०००. घराने भरायचे ४८,०००. 'लाखाचा विमा' असा वजाबाकीत संपतो. शिवाय रक्तदाबाच्या, साखरेच्या रोजच्या गोळ्यांना त्यात स्थान नाही. म्हाताऱ्याच्या घराला पोखरतात त्या याच गोळ्या.

काही सुधारणा झाल्या आहेत, त्या मान्य केल्या पाहिजेत. एप्रिल २०२४ पासून नवी पॉलिसी घेण्यावरील पासष्ट वर्षांची अट गेली. जुन्या आजारासाठी थांबण्याचा कमाल काळ चार वर्षांवरून तीन वर्षांवर आला. जानेवारी २०२५ पासून साठीपुढच्यांचा हप्ता वर्षात दहा टक्क्यांहून अधिक वाढवायचा तर कंपनीला नियामकाशी आधी सल्लामसलत करावी लागते. सप्टेंबर २०२५ मध्ये वैयक्तिक आरोग्यविम्यावरील अठरा टक्के कर रद्द झाला. पण दार उघडले म्हणजे आत जाण्याचे पैसे खिशात आले असे होत नाही.

दुसरीकडे शासकीय योजना आहेत. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत आणि २०१३ मध्ये राज्यभर सुरू झाली. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिबा फुले यांचे नाव मिळाले. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षांवरील प्रत्येक नागरिकाला, मिळकत न पाहता, आयुष्मान भारत योजनेत वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार देण्याची तरतूद झाली. येथे हप्ता नाही, जुन्या आजाराची अट नाही. तत्त्व म्हणून हे मंडळाच्या गल्ल्याच्या जवळ जाणारे आहे आणि म्हणून आपण त्याच्या बाजूने उभे राहिले पाहिजे. पण कार्डासाठी वडिलांचा अंगठा यंत्रावर तीनदा उमटला नाही. हमालीने रेषा झिजल्या होत्या. चौथ्यांदा उमटला. कार्ड मिळाले, तरी ते चालते यादीतील रुग्णालयात आणि भरती झाल्यावरच. मोठ्या उपचारासाठी संगमेश्वरच्या माणसाला उत्तरेला चिपळूण किंवा दक्षिणेला रत्नागिरी गाठावी लागते. वाडीतून महामार्गापर्यंत यायची रिक्षा, सोबत्याची बुडालेली मजुरी, बाहेरचे जेवण यांचा कोणत्याच विम्यात हिशेब नाही.

म्हणून स्वस्त विम्याचे मूल्यमापन करताना हप्ता किती, हा पहिला प्रश्न नव्हे. कोणाला वगळून तो स्वस्त झाला, हा पहिला प्रश्न आहे. कार्यकर्त्यांनी वाडीवस्तीत चार गोष्टी विचारायला शिकवले पाहिजे : जुन्या आजारासाठी किती वर्षे थांबायचे, खोलीभाड्याची मर्यादा किती, बिलातला आपला वाटा किती, आणि यादीतले जवळचे रुग्णालय कोणते. फॉर्ममधील आजाराचा रकाना एजंटाच्या हाती देऊ नये. जे आहे ते स्वतः लिहावे. सत्तरीपुढच्या प्रत्येकाचे कार्ड काढून द्यावे. त्यासाठी एक रविवार पुरतो. आणि मागणी करायची ती स्वस्त पॉलिसीची नव्हे, तर आपल्या ग्रामीण रुग्णालयात डॉक्टर आणि गोळ्या कायम असण्याची. १९४६ मध्ये भोर समितीने पैशाअभावी कोणीही उपचारावाचून राहू नये असे म्हटले होते. ते आजही बाकी आहे.

यंदा मी वडिलांची पॉलिसी पुढे चालू ठेवली नाही. ते पैसे दर महिन्याला गोळ्यांसाठी बाजूला काढतो. हा माझा घरगुती मार्ग आहे, प्रश्नाचे उत्तर नव्हे. वडिलांना हे सांगितले तेव्हा त्यांनी एवढेच विचारले, "मग शेजारच्या म्हातारीचं काय? तिला तर मुलगाच नाही." मंडळात वाढलेल्या माणसाला हा प्रश्न आपोआप पडतो. आपल्याला तो पडतो का, हे आपण तपासले पाहिजे.