पाव मैल आणि तीन सह्या : ड्रॅग रेसिंगच्या परवान्याचा इतिहास

१/ १९७३ साली अमेरिकेत शर्ली मल्डाउनी नावाच्या एका स्त्रीने शर्यतीच्या परवान्यासाठी अर्ज केला. त्या अर्जावर तीन पुरुषांच्या सह्या होत्या. तिघेही त्याच क्रीडाप्रकारातील नामवंत चालक, म्हणजे उद्याचे तिचे प्रतिस्पर्धी. पुढे नऊ वर्षांनी त्यांपैकी एकाला तिने देशातील सर्वांत मानाच्या शर्यतीच्या अंतिम फेरीत हरवले. या सह्या का लागत, परवान्याची ही पद्धत कशातून उभी राहिली आणि तिच्यासाठी काय किंमत मोजली गेली, याचा हा धागा.

२/ प्रथम खेळ समजून घेऊ. ड्रॅग रेसिंगमध्ये वळणे नसतात, फेऱ्या नसतात. दोन गाड्या शेजारी शेजारी स्थिर उभ्या राहतात, दिवा हिरवा होतो आणि सरळ रेषेत पाव मैल, म्हणजे सुमारे ४०२ मीटर, जो आधी पार करील तो जिंकतो. नियम एवढाच. परंतु या पाव मैलात जे घडते ते पाच-सहा सेकंदांत घडते. चुकीची दुरुस्ती करायला वेळ मिळत नाही. म्हणूनच या खेळात तयारीचे महत्त्व शर्यतीहून मोठे ठरले.

३/ या खेळाचे मूळ दक्षिण कॅलिफोर्नियात आहे. १९३० च्या दशकात तेथील तरुण जुन्या गाड्या स्वतः दुरुस्त करून म्युरॉक, एल मिराज अशा कोरड्या तलावांच्या सपाट पात्रांत वेगाच्या चाचण्या घेत. १९३७ मध्ये त्यांच्या मंडळांची एक संघटनाही स्थापन झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर सैन्यातून परतलेल्या तरुणांकडे यंत्रांचे ज्ञान होते, हाती थोडा पैसा होता आणि शहराबाहेर लांबलचक सरळ रस्ते होते. रात्रीच्या रस्त्यांवर शर्यती सुरू झाल्या. त्यांत माणसे मरू लागली आणि ‘हॉट रॉड’ हा शब्द वृत्तपत्रांत गुन्हेगारीच्या जोडीने छापला जाऊ लागला.

४/ उपाय दोनच होते : खेळ बंद पाडणे, किंवा त्याला रस्त्यावरून उचलून सुरक्षित जागी नेणे. १९५० मध्ये सांता अॅना येथील विमानतळाच्या धावपट्टीवर नियमित शर्यती भरू लागल्या. १९५१ मध्ये ‘हॉट रॉड’ मासिकाचे संपादक वॉली पार्क्स यांनी नॅशनल हॉट रॉड असोसिएशन स्थापन केली. १९५३ मध्ये पोमोना येथे तिची पहिली अधिकृत शर्यत झाली. १९५४ पासून ‘ड्रॅग सफारी’ नावाचे पथक गावोगावी फिरून स्थानिक मंडळांना सुरक्षित शर्यत कशी भरवावी हे शिकवू लागले. १९५५ मध्ये कॅन्सस राज्यातील ग्रेट बेंड येथे पहिली राष्ट्रीय स्पर्धा भरली.

५/ येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. रस्त्यावरच्या शर्यतीत कोणीही उतरू शकतो. तेथे ‘नाही’ म्हणणारा कोणी नसतो. संघटित शर्यतीचा पायाच मुळी ‘नाही’ म्हणण्याच्या अधिकारावर उभा आहे. आधी गाडी तपासली जाऊ लागली : ब्रेक नीट आहेत का, पट्टा आहे का, डोक्यावर पोलादी कमान आहे का. गाडीची तपासणी रूढ झाल्यावर पुढचा प्रश्न ओघानेच आला : गाडी योग्य आहे, पण चालक योग्य आहे का?

६/ हा प्रश्न तीव्र केला तो इंधनाने. नायट्रोमिथेन या द्रवाच्या रेणूतच प्राणवायू असतो. त्यामुळे इंजिनात शिरणाऱ्या तेवढ्याच हवेत पेट्रोलच्या कितीतरी पट इंधन जाळता येते आणि शक्ती त्या प्रमाणात वाढते. पण प्रमाण किंचित चुकले तर इंजिन फुटते. गाड्यांचा वेग धावपट्ट्यांच्या लांबीला भारी पडू लागला, तेव्हा १९५७ मध्ये संघटनेने या इंधनावर बंदी घातली. ती १९६३ पर्यंत टिकली. बंदी उठली तेव्हा वेग पुन्हा उसळला; १९६४ मध्ये ताशी २०० मैलांची, म्हणजे सुमारे ३२० किलोमीटरची मर्यादा ओलांडली गेली.

७/ त्या काळातील ड्रॅगस्टरची रचना डोळ्यांसमोर आणा. लांबलचक सांगाडा, मध्ये प्रचंड इंजिन आणि त्याच्या मागे, मागील चाकांच्याही पाठीमागे बसलेला चालक. इंजिन त्याच्या तोंडासमोर, आसावर फिरणारे सारे यंत्र त्याच्या पायांमध्ये. इंजिन फुटले की तापलेले तेल आणि ज्वाला थेट त्याच्या अंगावर येत. फ्लोरिडाचे डॉन गार्लिट्स १९५९ मध्ये साउथ कॅरोलायनातील चेस्टर येथे असेच गंभीर भाजले. ते परतले, त्यांच्या बरोबरीचे कित्येक परतले नाहीत.

८/ ८ मार्च १९७० रोजी लाँग बीच येथील धावपट्टीवर सुटतानाच गार्लिट्स यांच्या गाडीतील गतिपेटी फुटली. गाडीचे दोन तुकडे झाले आणि त्यांच्या उजव्या पायाचा पुढचा भाग तुटला. रुग्णालयाच्या खाटेवर त्यांच्या डोक्यात एकच विचार घोळत राहिला : इंजिन चालकाच्या पाठीमागे नेले तर? १९७१ च्या आरंभी तशी गाडी घेऊन ते पोमोनाला आले आणि जिंकले. काही वर्षांतच पुढे इंजिन असलेले ड्रॅगस्टर इतिहासजमा झाले. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा ही म्हण या खेळात अक्षरशः खरी ठरली.

९/ परवान्याच्या पद्धतीकडेही याच दृष्टीने पाहावे. तिच्या प्रत्येक पायरीमागे कोणता तरी अपघात उभा आहे. पहिली पायरी वैद्यकीय तपासणीची. दृष्टी, हृदय, रक्तदाब, शुद्ध हरपण्याचा काही इतिहास. कारण उघड आहे : या वेगात चालकाला भोवळ आली तर तो एकटा मरत नाही, शेजारच्या पट्ट्यातील माणसालाही सोबत नेतो.

१०/ दुसरी पायरी या साऱ्या पद्धतीचा गाभा आहे. चालकाला पूर्ण पोशाखात, पट्टे आवळून गाडीत बसवतात आणि त्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधतात. मग परीक्षक एकेक नाव उच्चारतो : ब्रेकचा दांडा, इंधन बंद करण्याचा खटका, हवाई छत्रीची कळ, आग विझवणाऱ्या बाटलीची कळ. प्रत्येक वेळी हात न चाचपडता नेमक्या जागी पडला पाहिजे. हा खेळ नव्हे. धुराने, ज्वालांनी किंवा काचेवर उडालेल्या तेलाने दृष्टी नाहीशी होते, तेव्हा केवळ हाताची स्मृती उरते. त्या स्मृतीचीच ही परीक्षा.

११/ तिसरी पायरी प्रत्यक्ष धावांची. पहिल्याच दिवशी पूर्ण पाव मैल धावू देत नाहीत. आधी फक्त सुटायचे आणि थोड्या अंतरावर इंजिन सोडायचे. मग साधारण निम्मे अंतर, आणि ते साधले तरच पूर्ण धाव. वेग हा येथे दुय्यम असतो. गाडी आपल्या पट्ट्यात सरळ राहते का, आपण ठरवलेल्या जागीच इंजिन सोडतो का, छत्री वेळेवर उघडतो का आणि गाडी शांतपणे थांबवून बाहेर काढतो का, हे पाहिले जाते. जो कधी सोडायचे हे जाणतो, त्यालाच पुढे जाऊ देतात.

१२/ शेवटची पायरी सह्यांची. त्याच प्रकारच्या गाडीचा परवाना असलेले अनुभवी चालक नवागताची धाव पाहतात आणि मग अर्जावर सही करतात. सरकारी अधिकारी नव्हे, प्रेक्षक नव्हे, प्रशिक्षक नव्हे. उद्या जो शेजारच्या पट्ट्यात उभा राहणार तोच सही करतो. त्या सहीचा खरा अर्थ असा : या माणसाच्या बाजूला ताशी शेकडो किलोमीटर वेगाने धावायला माझी तयारी आहे. याहून प्रामाणिक प्रमाणपत्र कोणते असू शकेल?

१३/ पण याच पद्धतीला एक काळोखी बाजूही होती. जो दार उघडू शकतो, तो ते बंदही ठेवू शकतो. स्त्रियांसाठी ते दार बराच काळ जेमतेम किलकिले होते. १९६४ मध्ये बार्बरा हॅमिल्टन यांना सुपरचार्जर बसवलेल्या गाडीचा परवाना मिळाला. १९६५ मध्ये शर्ली मल्डाउनी यांना पेट्रोलवरील ड्रॅगस्टरचा. १९६६ मध्ये शर्ली शाहान यांनी पोमोनाची राष्ट्रीय स्पर्धा स्टॉक गटात जिंकली. तरीही नायट्रोमिथेनवर धावणाऱ्या ‘टॉप फ्युएल’ या सर्वोच्च गटात एकही स्त्री नव्हती.

१४/ मल्डाउनी यांचा जन्म १९४० चा. न्यूयॉर्क राज्यातील स्कनेक्टडी या कारखान्यांच्या गावात त्या वाढल्या, सोळाव्या वर्षी लग्न झाले. पती जॅक मेकॅनिक. गाडी ते बांधत आणि चालवत शर्ली. आधी रस्त्यावरच्या शर्यती, मग धावपट्टी, मग ड्रॅगस्टर. १९७२ मध्ये घटस्फोट झाला, पण शर्यत सुटली नाही. त्या ‘फनी कार’ गटात उतरल्या होत्या. त्या गाडीत इंजिन चालकासमोर आणि वरून फायबरचे बंदिस्त कवच. आग लागली की चालक भट्टीत सापडल्यासारखा. १९७३ मध्ये इंडियानापोलिस येथे त्यांची गाडी पेटली आणि त्या भाजल्या.

१५/ त्याच वर्षी त्यांनी टॉप फ्युएलचा परवाना मिळवला. तो मिळवणारी पहिली स्त्री. अर्जावर सही करणारे तिघे पाहा. डॉन गार्लिट्स, ज्यांनी याच खेळात अर्धा पाऊल गमावला होता. टॉमी आयव्हो, बालपणी चित्रपट आणि दूरचित्रवाणीत काम केलेले आणि पुढे चार इंजिनांचा ड्रॅगस्टर बांधणारे. आणि कॉनी कॅलिटा, जे पुढे काही वर्षे त्यांच्या गाडीची यांत्रिक बाजू सांभाळणार होते. या तिघांनी स्त्रीवर उपकार केले असे म्हणणे चुकीचे ठरेल. त्यांनी धाव पाहिली आणि जे पाहिले त्यावर सही केली. पद्धत प्रामाणिकपणे वापरली तर पूर्वग्रहाला जागा उरत नाही, हे त्या कागदाने सिद्ध केले.

१६/ पुढचा इतिहास वेगाने घडला. १९७६ मध्ये ओहायोतील कोलंबस येथे त्या टॉप फ्युएलची राष्ट्रीय स्पर्धा जिंकणाऱ्या पहिल्या स्त्री ठरल्या. १९७७, १९८० आणि १९८२ अशी तीन विश्वविजेतेपदे त्यांनी मिळवली. या गटात तीनदा विजेतेपद मिळवणारी त्या पहिलीच व्यक्ती. पहिली स्त्री नव्हे, पहिली व्यक्ती. १९८२ मध्येच इंडियानापोलिसच्या यू. एस. नॅशनल्स स्पर्धेची अंतिम फेरी झाली. एका पट्ट्यात मल्डाउनी, दुसऱ्यात कॉनी कॅलिटा. जिंकल्या मल्डाउनी. १९८३ मध्ये त्यांच्या जीवनावर ‘हार्ट लाइक अ व्हील’ हा चित्रपट आला.

१७/ परवाना म्हणजे अभयदान नव्हे. जून १९८४ मध्ये कॅनडातील माँट्रियलजवळच्या सॅनएअर धावपट्टीवर त्यांच्या गाडीचे पुढचे टायर निकामी झाले. वेग ताशी ४०० किलोमीटरच्या आसपास. गाडीच्या ठिकऱ्या उडाल्या. दोन्ही पाय आणि हात चिरडले गेले. अनेक शस्त्रक्रिया झाल्या, पुन्हा चालणे शिकावे लागले. १९८६ मध्ये त्या पुन्हा ड्रॅगस्टरमध्ये बसल्या आणि २००३ पर्यंत धावल्या.

१८/ सही करणाऱ्यांपैकी कॅलिटा यांच्या वाट्याला याहून कठोर दिवस आला. २१ जून २००८ रोजी न्यू जर्सीतील इंग्लिशटाउन येथे त्यांचा मुलगा स्कॉट याच्या गाडीचे इंजिन फुटले, छत्र्या गाडीला थांबवू शकल्या नाहीत आणि धावपट्टीच्या टोकापलीकडे त्याचा अंत झाला. त्यानंतर काही दिवसांतच सर्वांत वेगवान गटांसाठी पाव मैलाचे अंतर १००० फुटांवर, म्हणजे सुमारे ३०५ मीटरवर आणले गेले. पन्नासहून अधिक वर्षांची परंपरा एका मृत्यूने बदलली. आज हे ड्रॅगस्टर एवढ्या कमी अंतरातही ताशी ५३० किलोमीटरचा वेग ओलांडतात; म्हणून उरलेली जागा थांबण्यासाठी राखून ठेवली आहे.

१९/ आपल्याकडेही हा इतिहास परका नाही. लोणावळ्याजवळील अॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग शर्यती भरल्या आहेत. म्हणजे १९५० च्या सांता अॅनाप्रमाणेच विमानांची पट्टी गाड्यांच्या कामी आली. भारतात मोटारस्पर्धांचे परवाने देणारी राष्ट्रीय संघटनाही आहे. आणि दुसरीकडे, मध्यरात्री शहरांच्या उड्डाणपुलांवर रंगणाऱ्या बेकायदा शर्यती व त्यांतले बळी हेही आपल्या परिचयाचे आहेत. अमेरिकेने १९५० मध्ये ज्या प्रश्नाला तोंड दिले, तो प्रश्न आपल्या दारात उभा आहे.

२०/ इतिहासाची पुस्तके विजेत्यांची नावे आणि विक्रमांचे आकडे जपतात. डोळ्यांवर पट्टी बांधून चाचपडणारा हात, निम्म्या अंतरावर मुद्दाम सोडलेली धाव, अर्जाच्या तळाशी केलेली सही या गोष्टी त्यांत क्वचित दिसतात. परंतु धाडस आणि बेफिकिरी यांतील रेषा याच लहान कृतींनी आखली आहे. शर्ली मल्डाउनी यांना इतिहासात नेणारी पहिली धाव जिंकण्यासाठी नव्हती. आपल्याला थांबता येते, हे तीन साक्षीदारांसमोर सिद्ध करण्यासाठी ती होती.

धागा समाप्त. हा इतिहास रात्री उड्डाणपुलावर गाडी पळवणाऱ्या तुमच्या एखाद्या मित्रापर्यंत जरूर पोहोचवा.