बालकर्करोग संशोधन, सहयोगी : अर्थपुरवठा

बालकर्करोगावर अनेक रुग्णालयांनी एकाच आराखड्यानुसार केलेल्या संशोधनाला पैसा पुरवण्याची व्यवस्था. तिची गरज रोगाच्या विरळपणातून निर्माण होते. अमेरिकेत विल्म्स अर्बुद हा मूत्रपिंडाचा कर्करोग वर्षाला सुमारे ५०० मुलांना होतो. एकेका रुग्णालयातील मोजक्या रुग्णांवरून कोणता उपचार सरस, हे ठरत नाही. म्हणून १९६९ मध्ये तेथे राष्ट्रीय पातळीवर संयुक्त अभ्यास सुरू झाला. दोन वर्षांखालील मुलाचे अर्बुद मूत्रपिंडापुरते मर्यादित असून शस्त्रक्रियेने पूर्ण निघाले असेल, तर औषधांच्या जोडीला किरणोपचार लागत नाहीत, हे त्याच्या पहिल्याच टप्प्यात दिसले. २००० मध्ये हा अभ्यास करणारा गट व अन्य तीन गट मिळून ‘चिल्ड्रन्स ऑन्कॉलॉजी ग्रुप’ स्थापन झाला. त्याचा मुख्य आधार राष्ट्रीय कर्करोग संस्थेचा सरकारी निधी होय.

प्रौढ रुग्ण कितीतरी अधिक, तेव्हा पैसा तिकडे जावा, असा आक्षेप घेतला जातो. परंतु रुग्ण थोडे म्हणजे बाजारपेठ लहान. औषध कंपन्या आपणहून पुढे येत नाहीत, आणि वाचलेल्या मुलापुढे अनेक दशकांचे आयुष्य असते. देणग्यांवर भागेल, हा दुसरा आक्षेप. देणगी नव्या कल्पनेला चालना देते हे खरे. पण नोंदी, पेशीनमुन्यांचा साठा आणि पाठपुरावा यांना अखंड निधी लागतो, कारण छातीवरील किरणोपचाराचे हृदयावरील दुष्परिणाम वीस वर्षांनंतरही प्रकट होऊ शकतात. त्यामुळे देणगी ही सार्वजनिक निधीला पूरक ठरते, पर्याय ठरत नाही.