अंगणातला आवाज

उघड्यावर आवाज पोचवायचा कसा, ही अडचण विजेपेक्षा फार जुनी आहे. खोलीत भिंती आवाज परत पाठवतात. अंगणात तो गेला की गेलाच. आपल्या शहरात किलेअर्कच्या नौबत दरवाजाचं नाव अजून टिकून आहे. नौबत म्हणजे उंचावर बसून ठरलेल्या प्रहरी वाजवायचे नगारे आणि सनई. सनईच्या टोकाचा तो पसरट प्याला आठवा. जत्रेतल्या कर्ण्याचा तो थोरला भाऊच म्हणायचा (हे माझं मत बरं का!).

विजेचा कर्णा आला तो अमेरिकेत. पीटर जेन्सन आणि एडविन प्रिडहॅम या दोघांनी १९१५ साली आपला लाऊडस्पीकर लोकांपुढे आणला. नाव ठेवलं मॅग्नाव्हॉक्स, लॅटिनमध्ये 'मोठा आवाज'. १९१९ साली राष्ट्राध्यक्ष विल्सन सॅन डिएगोच्या स्टेडियममध्ये ५० हजारांच्या आसपास लोकांपुढे बोलले ते याच यंत्रातून, आणि तेही काचेच्या खोलीत उभं राहून! तेव्हाचे अॅम्प्लिफायर अशक्त असत. कर्णा तेवढ्याच विजेत कितीतरी मोठा आवाज काढतो आणि तो एका दिशेला फेकतो. पण खर्जाचे स्वर त्यातून नीट बाहेर पडत नाहीत. म्हणून लग्नाच्या मांडवातली गाणी नाकातून गायल्यासारखी वाटायची...

नौबत काय, कर्णा काय, पद्धत एकच. एक मोठा आवाज, उंचावरून, सगळ्यांसाठी. रेडिओनं ते उलटं केलं. आवाज लहान झाला आणि ऐकणाऱ्याच्या शेजारी येऊन बसला. यात आपलं शहर मागे नव्हतं. स्वातंत्र्याच्या वेळी संस्थानांमध्ये पाच रेडिओ केंद्रं होती: म्हैसूर, त्रिवेंद्रम, बडोदा, हैदराबाद आणि औरंगाबाद. निजामाच्या राज्यात राजधानीनंतर केंद्र होतं ते आपल्याकडे! नव्या पिढीतल्या किती जणांना हे ठाऊक असेल?

असो. एवढं पुराण लावायचं कारण घरगुती आहे. बाबांना ऐंशीव्या वर्षी संध्याकाळी खोलीत बसवत नाही. सिडकोतल्या घराच्या मागच्या अंगणात खुर्ची टाकतात आणि नाट्यगीतं ऐकतात. कान पूर्वीचे राहिले नाहीत. भिंतीपलीकडे शेजारची मुलगी बारावीचा अभ्यास करते. ती बिचारी काही बोलत नाही, खिडकी तेवढी लावून घेते. आमच्याकडच्या मे महिन्यात!

दुकानदार पहिला प्रश्न विचारतो, "किती वॅटचा देऊ?" मला तो प्रश्नच नौबतखान्यातला वाटतो. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलनं उतरतो. घराच्या भिंतीवर, बाबांपासून ४ मीटरवर स्पीकर लावला, तर १ मीटरवर ठेवलेल्या स्पीकरइतकं ऐकू यायला १२ डेसिबल जास्त लागतात, म्हणजे सोळापट ताकद. ती सगळी त्या खिडकीवर जाऊन आदळणार. खुर्चीजवळ ठेवला तर ८ मीटरवरच्या खिडकीपर्यंत जाताना १८ डेसिबल गळून पडतात.

२००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री १० नंतर ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. पण दहाच्या आधी अभ्यास करणाऱ्यांचं काय, ते नियमात कुठून असणार?

तेव्हा ठरवलंय असं: दोन लहान स्पीकर, खुर्चीच्या दोन्ही बाजूंना, कानाच्या उंचीवर, पाठ शेजाऱ्यांकडे. कर्णा नको, बाबांना तबल्याचा डग्गा ऐकू यायला हवा. पडदा कागदाचा नको, पावसात लगदा व्हायचा. धूळ आणि पाण्याचा फवारा सोसणारा, आयपी ६५ लिहिलेला घ्यायचा. वायरी जमिनीखालून पाइपात घालून न्यायच्या, म्हणजे अंधारात बाबांचा पाय अडकणार नाही. दुकानदार जरा हिरमुसला. त्याच्याकडे २०० वॅटचा जोड तयार होता.