दर्या, दऱ्या आणि एक लहान संगणक

शाहू छत्रपतींनी १९१७ साली करवीर संस्थानात मोफत व सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा जाहीरनामा काढला, हे कोल्हापुरात शिकणाऱ्या-शिकवणाऱ्या कुणालाही सांगावे लागत नाही. पण शाळा जाहीरनाम्याने उघडते आणि शिक्षक, पुस्तके, दरसालची तरतूद यांच्या बळावर चालते. या दुसऱ्या भागाचा इतिहास क्वचितच लिहिला जातो. मराठी मुलांच्या हाती संगणक देण्याच्या एका अलीकडच्या प्रयत्नाकडे आम्हांला याच दृष्टीने पाहायचे आहे.

२००७ साली रायगड जिल्ह्यातील खैरात धनगरवाड्याच्या प्राथमिक शाळेत 'एका मुलामागे एक लॅपटॉप' या जागतिक प्रकल्पाचे हिरवे-पांढरे संगणक आले. एमआयटीच्या निकोलस निग्रोपाँटे यांची ही कल्पना केंद्राच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने आदल्याच वर्षी नाकारली होती. एक्सओ नावाच्या या यंत्रात इंटेलचा प्रोसेसर नव्हता. एएमडी कंपनीचा ४३३ मेगाहर्ट्झचा, कमी वीज खाणारा जिओड होता; स्मृती २५६ मेगाबाइट, साठवण १ गिगाबाइट, हार्ड डिस्क नाहीच. पडदा मात्र उन्हातही वाचता येई. एवढ्या तुटपुंज्या संसारात बसेल अशी लिनक्सची एक छोटी आवृत्ती फेडोरावरून बेतली गेली आणि तिच्यावर 'शुगर' हा मुलांसाठीचा दर्शनी भाग चढवला गेला.

यंत्र मराठी बोलू लागले ते मात्र एवढ्याने नव्हे. त्यामागे आधीची खटपट होती. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने घडवलेले 'लोहित' टंक २००४ साली रेड हॅटने मुक्त परवान्याखाली खुले केले. मराठीचा 'ल' आणि 'श' हिंदीहून वेगळ्या वळणाचे. शिवाय आपला 'ऱ्य'. 'दर्या' आणि 'दऱ्या' यांत समुद्र आणि डोंगरांमधल्या खोल जागा एवढे अंतर आहे, आणि ते सारे त्या एका आडव्या रफारावर तोललेले आहे. संगणकाला तो काढता आला नाही, तर मुलाला एक शब्दच कमी मिळतो. मेनूतील एकेक शब्द मराठीत आणणे, जोडाक्षरे तपासणे, नवी आवृत्ती आली की पुन्हा तेच करणे, हे काम ज्यांनी केले त्यांची नावे आपल्याला ठाऊक नसतात. 'निर्णयसागर'चे जावजी दादाजी आपण ओळखतो; त्या सुबक अक्षरांचे साचे कोरणारे राणोजी रावजी आरू किती जणांना आठवतात?

इंटेलचा स्वतःचा 'क्लासमेट' हा संगणक याच बाजारात होता. तरीही जुलै २००७ मध्ये ती कंपनी प्रकल्पात सामील झाली आणि जानेवारी २००८ मध्ये बाहेरही पडली. वर्षभराने, जानेवारी २००९ मध्ये, प्रकल्पाने सुमारे निम्मे कर्मचारी कमी केले आणि शुगरच्या विकासाचा भार स्वयंसेवकांच्या समूहावर सोपवला. 'शुगर लॅब्ज' ही संस्था त्यासाठी २००८ मध्येच उभी राहिली होती. पुढे एक्सओच्या पोटातील प्रोसेसर आधी व्हियाचा आणि मग आर्म जातीचा झाला. मुलांना दिसणारा दर्शनी भाग तोच राहिला, पण खालची सारी यंत्रणा नव्या प्रोसेसरसाठी पुन्हा जुळवावी लागली. बाजाराचे पाठबळ नसलेल्या यंत्रासाठी हे करणारे हात नेहमी थोडेच असतात.

हा प्रकल्प फसला की यशस्वी झाला, असा प्रश्न विचारण्याची रीत आहे. आम्हांला तो अपुरा वाटतो. संगणकांचे वाटप एका दिवसात होते आणि त्याचे छायाचित्र निघते. सांभाळ वर्षानुवर्षे चालतो आणि त्याचे छायाचित्र निघत नाही. ते लहान संगणक मागे पडले. मुक्त टंक आणि शुगर मात्र त्यांच्यानंतरही राहिले, कारण ते कुणाच्या मालकीचे नव्हते आणि कुणीतरी ते सांभाळत होते.

साहित्याच्या विद्यार्थ्यांनी या कामाकडे तंत्रज्ञांचे म्हणून पाहू नये. पाठचिकित्सेत आपण एकेका काना-मात्रेसाठी हस्तलिखिते ताडून पाहतो. 'सेव्ह' या शब्दाला 'जतन करा' हा पर्याय निवडणारा, 'दऱ्या'तला आडवा रफार तपासणारा तेच करत असतो. मराठी भाषेच्या इतिहासात त्याच्यासाठी निदान एक परिच्छेद असावा.