विश्वरूपाची उलटी वाट

तेलगावच्या नाक्यावर उतरा. बीड-परळी आणि माजलगाव-धारूर हे रस्ते इथे एकमेकांना छेदतात. हंगाम चालू आहे. उसाने भरलेल्या गाड्या सुंदरराव सोळंके कारखान्याकडे वळताहेत. बाजूच्या किराणा दुकानात शिरा आणि गल्ल्यामागची तसबीर बघा. विश्वरूप आहे ते: मधोमध विष्णू, दोन्हीकडे मुखांच्या रांगा, असंख्य हात, वर नागाचे फणे. देव थेट तुमच्याकडे बघतो आहे. ती नजर धरून ठेवा, कारण आता काळ मागे जाणार आहे.

१९६७ साल संपत आलं आहे, तुम्ही लंडनमध्ये आहात. समोरच्या टेबलावर अशीच एक बाजारात मिळणारी तसबीर, ‘विराट पुरुषन् विष्णुरूपम्’. डेव्हिड किंग आणि रॉजर लॉ तिच्यावरून रॉक गिटारवादक जिमी हेन्ड्रिक्सच्या ‘ॲक्सिस: बोल्ड ॲज लव्ह’ या तबकडीचं मुखपृष्ठ घडवताहेत. कार्ल फेरिसने काढलेल्या छायाचित्रावरून लॉने तिघा वादकांचे चेहरे रंगवले आहेत, आणि ते आता देवाच्या जागी बसताहेत. १ डिसेंबरला तबकडी दुकानात येते. हेन्ड्रिक्स मात्र नाराज आहे. त्याला आपल्या घराण्यातला अमेरिकेच्या मूळनिवाशांचा वारसा हवा होता. त्याच्या वाट्याला आलं ते भारतातलं विश्वरूप. जवळ जाऊन बघा: चेहरे सोडले तर मांडणी सगळी त्या तसबिरीची. ती रचना ज्याने पहिल्यांदा कागदावर बसवली, त्या चित्रकाराचं नाव तिथे असायला हवं होतं, असं मला मनापासून वाटतं.

आणखी काही महिने मागे या. ३० मार्च, चेल्सी मॅनर स्टुडिओ. पीटर ब्लेक आणि जॅन हॉवर्थ यांनी पुठ्ठ्यावर चिकटवलेल्या, पुरुषभर उंचीच्या छायाचित्रांतल्या माणसांची गर्दी उभी केली आहे. बीटल्सच्या ‘सार्जंट पेपर’ या तबकडीच्या मुखपृष्ठासाठी मायकेल कूपर कॅमेरा लावतो आहे. बीटल्सपैकी जॉर्ज हॅरिसनच्या आग्रहाने लाहिरी महाशय, श्रीयुक्तेश्वर, योगानंद आणि महावतार बाबाजी हे योगी या गर्दीत आहेत. पुढे फुलांपाशी चार हातांची लक्ष्मीची बाहुली. उजवीकडे बघा, गांधीजीही आहेत. छापलेल्या मुखपृष्ठावर ते तुम्हाला सापडणार नाहीत. ईएमआय या तबकडी कंपनीचे अध्यक्ष सर जोसेफ लॉकवुड यांना भारतात लोक दुखावतील अशी धास्ती वाटली, म्हणून छायाचित्रातून गांधीजींना काढलं गेलं. ही धास्ती पोकळ नव्हती. कोलकात्याजवळच्या दमदममध्ये याच कंपनीचा कारखाना होता. आपल्या आजीआजोबांनी ऐकलेल्या एचएमव्हीच्या मराठी तबकड्या तिथूनच येत. गांधीजींच्या मानापमानाचा विचार झाला, कारण त्यामागे बाजारपेठ होती. वर्षअखेरीस दुसऱ्या कंपनीने विश्वरूप घेतलं, तेव्हा तसबिरीसमोर रोज उदबत्ती लावणाऱ्यांना काय वाटेल, हे कुणी विचारात घेतलेलं दिसत नाही.

आता लांबची उडी, अशा तसबिरी छापणाऱ्यांकडे. एकोणिसावं शतक सरतं आहे. राजा रविवर्म्यांनी १८९४ मध्ये मुंबईत सुरू केलेला छापखाना प्लेगच्या धामधुमीत लोणावळ्याजवळच्या मळवलीला आला आहे. आत शाईचा उग्र वास आहे. प्रत्येक रंगासाठी वेगळा शिळादगड. चिकट खडूने त्यावर चित्र उतरवायचं, दगड ओला करायचा आणि शाईचा रूळ फिरवायचा. पाणी शाईला झिडकारतं, चिकट रेघ तिला धरते. एका चेहऱ्याच्या कांतीला कितीतरी दगड लागतात, आणि एखादा केसभर सरकला तरी देवाचे ओठ गालावर जातात. म्हणून कारागीर कोपऱ्यातल्या खुणा पुन्हापुन्हा जुळवतो. दगडावर सगळं उलटं असतं: उजव्या हातातलं चक्र डाव्या हातात. ते सुलट करण्याचं भान या माणसांच्या हाताला आहे, आणि घराघरांतल्या देवांना भिंतीवरून समोर बघायला शिकवलं ते अशाच छापखान्यांनी.