तळव्याचा व्रण आणि सूक्ष्म रक्तवाहिन्या : एका निदानाचा इतिहास

वरोड्याची महारोगी सेवा समिती १९४९ साली स्थापन झाली, त्या वेळी आजचा गडचिरोली जिल्हा चांदा जिल्ह्यातच समाविष्ट होता. तो वेगळा झाला १९८२ साली. समितीच्या नावातील ‘महारोग’ हा शब्द मराठीत केवळ कुष्ठाचा वाचक आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात मात्र जे आठ ‘महागद’ सांगितले आहेत, त्यांत कुष्ठाच्या पंक्तीला प्रमेहही बसलेला आहे. मराठीत अर्थसंकोच होऊन प्रमेह त्या पंक्तीतून उठला. तळव्यावरील न भरणाऱ्या व्रणाने ही दोन दुखणी पुन्हा एकत्र आणली.

मधुमेह्याच्या अंगावरील पिडका शरीराच्या अधोभागी का उठतात, ह्याचे कारण सुश्रुताच्या चिकित्सास्थानात ‘रसायनींचे दौर्बल्य’ असे दिले आहे. निरीक्षण मार्मिक आहे. परंतु रसायनी म्हणजेच केशवाहिनी, हे समीकरण मांडण्याचा मोह आवरलेला बरा. केशवाहिनी सूक्ष्मदर्शकाखाली प्रथम पाहिली ती माल्पीगीने, १६६१ साली. शब्दाला नवा अर्थ चिकटवून प्राचीनांचा गौरव होत नाही.

गंमत अशी की, दौर्बल्याची ही कल्पना आधुनिकांनाही भोवली. १९५९ साली अमेरिकेत गोल्डेनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मधुमेह्यांचे कापलेले पाय तपासून असे प्रतिपादन केले की, ह्या रोगात लहान रोहिणिकाच आतून बुजत जातात. ह्याचा व्यावहारिक अर्थ भयंकर होता. वाटच बुजली असेल, तर वरच्या मोठ्या रोहिणीतील अडथळा दूर करून काय साधणार? मग पाय कापणे एवढाच मार्ग उरतो. १९६४ साली स्ट्रँडनेस प्रभृतींनी मधुमेही आणि अमधुमेही अशा दोन्हींचे पाय ताडून पाहिले, तेव्हा लहान वाहिन्यांच्या अवरोधात तसा भेद आढळला नाही. तरीही ही समजूत टिकून राहिली, आणि १९८४ साली लोगर्फो व कॉफमन यांना ती पुन्हा सविस्तर खोडावी लागली.

सूक्ष्म वाहिन्या निर्दोष असतात, असा मात्र ह्याचा अर्थ नव्हे. केशवाहिनीच्या भित्तीचे आधारपटल जाड होते. इजा झाल्यावर त्वचेतील वाहिन्या प्रसरण पावून रक्त वाढवतात, ते मधुमेह्यात पुरेसे घडत नाही. मज्जातंतूंचे नियंत्रण सुटल्यामुळे पुष्कळसे रक्त केशवाहिन्यांना वगळून आडवाटेने सरळ नीलांत जाते. म्हणूनच पाय हाताला उष्ण लागतो आणि तरी त्वचा उपाशी राहते. वाट बुजलेली नसते, बिघडलेली असते.

ह्या व्रणाची दुसरी बाजू कुष्ठसेवेने शिकवली. बधिर तळव्यावरील व्रण रोगाने मांस कुजल्यामुळे होत नसून न जाणवणाऱ्या दाबामुळे होतो, हे वेल्लोर येथे पॉल ब्रँड यांनी दाखविले. १९६६ साली ते अमेरिकेतील कारव्हिल येथे गेले आणि भारतातील कुष्ठरुग्णांच्या पायावर रुळलेले प्लास्टर तेथे मधुमेह्यांच्याही उपयोगी पडले.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या धानपट्ट्यात आज कुष्ठही आहे आणि मधुमेहही. शिवाय येथे सिकलसेलचा व्रण आढळतो. पण तो बहुधा घोट्यापाशी असतो, तळव्यावर नव्हे. हा भेद ध्यानात न घेता सर्व व्रणांना एकच मलम लावले जाण्याची भीती असते. प्लास्टरने दाब सर्व तळव्यावर विभागला जातो आणि रोग्याला चालताही येते. परंतु रोवणीच्या दिवसांत चिखलाच्या बांधीत प्लास्टरचा पाय उतरवता येत नाही, आणि रोजी तर नेमकी त्याच दिवसांत असते.